इब्रामपूरचा नी

आमच्या घरी दूध कासाळ्याखाली झाकलेलं असतं. कासाळं म्हणजे काशाची मोठी झांज, आरतीला दोन्ही हातांत एकेक धरून वाजवतात ती. मधोमध दोरी ओवायला भोक असतं, त्यातून वाफ निघून जाते आणि दूध उतू जात नाही. झाकण म्हणून याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. कुणाला हे पाप वाटत असेल तर खुशाल वाटू दे. ज्या घरात पेटीवर चादर पडली, त्या घरात झांजेनं काय नुसतं खिळ्याला लटकून राहायचं?

मी सुमंगला. गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं इब्रामपूर हे आमचं गाव. गावाच्या पलीकडे दोन पावलं टाकली की महाराष्ट्र लागतो. आमचे घरकार गोकुळदास, माडा-पोफळींची बाग सांभाळतात आणि पेटी वाजवतात. वाजवायचे, असं म्हणायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पेटीवर चादर घातली ती अजून काढलेली नाही. माणूस तसा ठीक आहे. जेवतो, झोपतो, बागेत पाणी सोडतो. पण संध्याकाळी सोप्यावर बसून भाता हलवायचे तेव्हा घराला जी जाग यायची, ती गेली. मला माझं ते घर परत हवं होतं, बाकी काही नको होतं.

आमचा एक बँड होता. बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गिटार आणि काळे चष्मे येतात. आमच्या बँडात घरकारांची पेटी, सगुणचं घुमट, माझी कासाळी आणि गायला सेजल. घुमट म्हणजे तोंडाला चामडं ताणून बसवलेलं मातीचं मडकं. सगुण ते काखेत धरून असं वाजवायचा की ऐकणाऱ्याच्या छातीत घुमायचं. बँडचं नाव ‘वांगडी’. आमच्याकडे वांगडी म्हणजे सोबती. चवथीच्या आरत्या, बारसं, वास्तुशांत, जत्रा, कुणी बोलावलं की आम्ही निघालो.

सेजल शेजारची. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून आमच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, पाय सोडून बसायची, चहात उंडो, आमच्याकडचा कडक पाव, बुडवून खायची आणि घरकार वाजवतील ते गळ्यात उचलायची. तिला मुद्दाम कुणी शिकवलं नाही. पेटी म्हणेल तसं ती म्हणायची, आणि गोची खरी तिथंच होती.

आमच्या पेटीला एक नी नव्हता. सेजलच्या पट्टीतला, वरच्या सा च्या अगदी अलीकडचा. ती फ्रॉकमध्ये असतानाच, एका चवथीच्या आदल्या दिवशी तो बिघडला. पट्टी दाबा नाहीतर दाबू नका, भाता हलला की हा आपला रडतोय. घरकारांनी वरची फळी काढली, आगपेटीचा पुठ्ठा फाडून दुमडला आणि त्या सुरावर दाबून बसवला. सूर गप्प झाला. म्हणाले, “चवथ होऊन जाऊ दे, मग सावकाश बघतंय.” आमच्या घरकारांचं सावकाश म्हणजे काय ते मला विचारा. चवथ गेली, शिगमो आला, परत चवथ आली. पुठ्ठा तिथंच.

मग काय, सूर वर चढायला लागला की घरकार ध वरून थेट सा वर उडी मारायचे. मधली जागा उघडी पडू नये म्हणून मी तिथं कासाळ्यांचा एक ठोका टाकायची. ध, मग झण्ण, मग सा. सेजल तसंच गायची, तिच्यामागून सगळा गाव तसंच म्हणायचा. पेडण्याहून आलेल्या एका नव्या सुनेनं एकदा विचारलं, तुमच्या गावात आरती अशी उडी मारून का म्हणतात? तिच्या सासूनं तोंड वर करून सांगितलं, आमच्याकडची पद्धतच तशी, आजोबा-पणजोबांपासूनची. मी तिथंच उभी होते. पदर तोंडात कोंबून हसले.

हसायचं संपलं ते सेजल पणजीला एका स्पर्धेत गायला गेली त्या दिवशी. गाणं झाल्यावर परीक्षकानं सगळ्यांसमोर विचारलं, मुली, तुझा वरचा नी कुठं आहे? तिला प्रश्नच कळला नाही. त्यानं पेटीवर वाजवून दाखवला आणि म्हणाला, हा लाव. तिला लागेना. पोर जन्मात त्या पायरीवर उभीच राहिली नव्हती, तिला कुठून लागणार? लोक हसले म्हणे.

संध्याकाळी ती आमच्या सोप्यावर येऊन उभी राहिली. चप्पलसुद्धा काढली नाही. “काका,” ती म्हणाली, “सगळ्यांका जो सूर मेळता, तो तुम्ही माका दिलातच नाय.” एवढंच बोलली आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात पुण्याला एका बाईंकडे शिकायला गेली. घरकारांनी त्याच संध्याकाळी पेटीवर चादर घातली. सगुण दोन-चारदा घुमट घेऊन आला, चहा पिऊन परत गेला. वांगडी बंद.

मला राग आला. अजून येतो. इतकी वर्षं आमच्या घरचा उंडो खाल्लास, एका सुरासाठी म्हाताऱ्याचं तोंड बंद करून गेलीस? तिच्या आईनं विहिरीवर तिचा विषय काढला की मी कळशी उचलून चालू लागायची. आणि हेही खरं की एकही दिवस असा गेला नाही की मी जनेलाकडे बघितलं नाही.

तर या जानेवारीत, काजूला मोहर येत होता तेव्हा, सगुण टेम्पो थांबवून धावत आत आला. एके काळी हा डिचोलीच्या खाणींवर खनिजाचे ट्रक मारायचा. खाणी बंद पडल्या, आता टेम्पोतून जत्रांना आणि लग्नांना खुर्च्या पोचवतो.

“वयनी, सेजलाचा गाणा इला,” तो म्हणाला. “एकटीचा. पयला. लोक नुसते येडे झालेत.”

त्यानं मोबाइल पुढं केला. घरकार सोप्यावर सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली, उठले आणि मागच्या दारानं बागेत गेले. मी त्यांच्या मागून गेले. ते पोफळीला टेकून उभे होते, पाट कोरडा होता तरी पाण्याकडे बघितल्यासारखे.

“अहो, पोरीचं गाणं आलंय. ऐकायचं नाही?”

“माका नको.”

“का नको? राग अजून?”

“राग कसलो गो?” ते म्हणाले. “नी लागलो असात तर चांगलाच. पण समज, अजून लागलो नाय. म्हणजे त्या पोरीचो गळो मी कायमचो मोडलंय. ता माका माझ्या कानांनी आयकूचा नाय.”

मला वाटत होतं हा माणूस फुगून बसलाय. दोन वर्षं मी त्याला फुगलेला समजून टोमणे मारले, आणि तो बिचारा घाबरून बसला होता. पण मला मऊ बोलणं जमत नाही, म्हणून मी म्हटलं, “उद्या डिचोलीला सुपारीचं पोतं घालायचं आहे ना? सगुण त्याच बाजूनं जातोय. मीही येते, माझा मिक्सर दुरुस्तीला पडलाय.”

सकाळी निघालो तेव्हा धुकं होतं. टेम्पोत पुढं तिघं बसलो. घरकारांना मी मुद्दाम मधे बसवलं, एका बाजूला सगुण, दुसऱ्या बाजूला मी. माणूस पळणार कुठं? डोंगर उतरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं अर्धीच दिसत होती, कुणाचं खोड, कुणाचा नुसता शेंडा. डिचोलीत पोतं उतरवलं. मिक्सर काही झाला नव्हता, दुकानदार म्हणाला सावकाश या, तेव्हा मी घरकारांकडे बघितलं. ते पहिल्यांदा जरासं हसले.

सगुणला खुर्च्या जवळच्या मये गावात, तिथल्या तळ्याकाठी टाकायच्या होत्या. तळ्याशी पोचलो तोवरही धुकं निवळलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पर्यटकांच्या बोटी काठाला बांधलेल्या, त्यातली एक हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. ज्याच्याकडे खुर्च्या द्यायच्या तो माणूस आलेला नव्हता. सगुणनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की मला माझ्या बांगड्यांचा आवाज जास्त वाटला.

मी सगुणला डोळ्यानं खूण केली.

घरकारांना कळलं. ते दाराकडे वळले. दाराला मी टेकलेली. “बसा गप,” मी म्हटलं. “माझं वजन तुम्हाला हलणार नाही.”

मोबाइल सगुणनं काचेपाशी उभा केला. आधी नुसता तंबोरा आला, फार लांबून, जणू तळ्याच्या त्या बाजूलाच कुणी लावलाय. मग सेजल.

*तळ्यापल्याड दिवा लागला, पाण्यामध्ये वाट गे,*
*पाय न भिजता घरी पोचले, कुणी धरला हात गे…*

आवाज तोच. पण आधी तो अंगणातला होता, आता त्याला खोली आली होती, विहिरीत बघावं तशी. मी ठरवलं होतं की आपण काही विरघळायचं नाही. दुसऱ्या ओळीलाच माझं ठरवणं कुठल्या कुठं गेलं. पुढच्या काचेवर धुक्याचे थेंब साचत होते, एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते, आणि मला वाटायला लागलं की आम्ही टेम्पोत नाहीच, त्या बोटीत बसलोय आणि कुणीतरी काठाचा दोर सोडलाय.

ओळ वर चढू लागली. घरकारांचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांना माहीत नव्हतं तो आला ते. ‘घरी पोचले’ म्हणताना ती ध वर आली, आणि मग त्या पायरीवर, जिथं ती जन्मात उभी राहिली नव्हती, तिथं अलगद उभी राहिली. नी. घाईघाईनं नाही, सावकाश. हवा तेवढा वेळ थांबली, चारी बाजूंनी बघितलं आणि मग वरच्या सा वर गेली.

“लागलो,” घरकार म्हणाले. अगदी हळू. “लागलो गो.”

दुसऱ्या कडव्यातही लागला. आणखीच देखणा. घरकार डोळे मिटून रडत होते, आणि त्यांना रडताना बघून सगुण बाहेर तळ्याकडे बघत होता. मला वाटलं, झालं. आता हा माणूस मोकळा झाला. पोरीला तिचा सूर मिळाला, गळा मोडला नाही, आता घरी जाऊन चादर काढेल.

पण गाणं संपलं नव्हतं. तिसऱ्या कडव्यात तंबोराही थांबला. नुसता आवाज, काहीच सोबत नाही. तीच ओळ पुन्हा चढू लागली. ती ध वर आली, आणि थांबली.

काहीच आलं नाही. रिकामी जागा. एका श्वासाएवढी.

मग थेट सा.

घरकारांनी डोळे उघडले. तो आमचा सूर होता. म्हणजे आमचा नसलेला सूर. सगळ्या जगात इब्रामपूरशिवाय कुणी ती चढण तशी म्हणत नाही. नी येत असताना, दोनदा लावून दाखवला असताना, तिनं शेवटी तो सोडला आणि आमच्या पेटीसारखी उडी मारली. आणि त्या मधल्या श्वासात माझे दोन्ही हात मांडीवर एकमेकांकडे सरकले. कुणी बघितलं नाही. मी ते पदराखाली घेतले.

“परत लाय,” घरकार सगुणला म्हणाले.

खुर्च्या घेणाऱ्या माणसाला यायला बराच वेळ लागला. तेवढ्यात आम्ही ते गाणं किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. धुकं उठलं, तळं हिरवं झालं, बोटीवरचा माणूस येऊन बोटी पुसू लागला. सगुणनं आम्हाला गाण्याच्या खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. कुणी म्हणत होतं आवाज मधासारखा, कुणी म्हणत होतं डोळ्यात पाणी आलं. एकानं लिहिलं होतं, तिसऱ्या कडव्यात एक सूर सोडलाय ती काय अप्रतिम कल्पना आहे, कुठल्या घराण्याची? घरकार इतके हसले की त्यांना ठसका लागला. “सांग तेका,” ते म्हणाले, “आगपेटी घराणा.”

घरी आल्यावर त्यांनी जेवणही घेतलं नाही. चादर काढली. झटकली तशी धूळ सोपाभर झाली आणि मी काही बोलले नाही. फळी उघडून त्यांनी तो पुठ्ठा बाहेर काढला, काळा पडलेला, आणि भाता हलवला. नी लगेच रडायला लागला. इतकी वर्षं दाबून ठेवला होता, तरी जागचा हलला नव्हता. आत एक स्प्रिंग ढिली झाली होती, बाकी काही नाही. त्यांनी ती काढली, वाकवली, परत बसवली. सगुणचा चहा पिऊन व्हायच्या आत काम झालं. “एवढाच होता?” सगुणनं विचारलं. घरकारांनी मान हलवली.

मग त्यांनी सेजलचं गाणं वाजवलं. बोटं आखडली होती, पहिल्या ओळीत दोनदा घसरली. सगुणनं मोबाइल पेटीजवळ धरून ते टिपलं. पहिल्या कडव्यात नी, दुसऱ्यात नी, चांगला खणखणीत. तिसऱ्यात त्यांचं बोट त्या पट्टीवर आलं, वरच थांबलं आणि न दाबता पुढं गेलं. भात्याचा नुसता श्वास ऐकू आला. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. घराला जाग आली होती.

“काहीतरी बोला तरी तिच्याशी,” मी म्हटलं.

“बोलूचा काय आसा? झाला बोलान,” ते म्हणाले, आणि सगुणनं ते तसंच पाठवून दिलं.

उत्तर दिवे लावायच्या सुमाराला आलं. सगुण तोवर आमच्याकडेच रेंगाळत होता, घुमट घेऊन यायला कुणाला तरी फोन करत होता. सेजलचाच आवाज होता. आधी काही क्षण नुसतं नाक ओढणं. मग म्हणाली, “काका, नी बरो झालो तुमचो.” परत नाक ओढणं. घरकारांनी मान खाली घातली. मला वाटलं एवढ्यावरच संपलं.

“आणि काकी खंय आसत?” ती म्हणाली. “काकी, तुमी वाजयलातच नाय. स्टुडिओत सगळे म्हणत होते, हय जागा रिकामी दिसता, कायतरी भरूया. मी म्हटलंय, नाय. थंय कासाळी वाजतत. तुमका आयकू येणत नाय, माका येतत.”

घरकार माझ्याकडे बघत होते. सगुण माझ्याकडे बघत होता. मला त्या दोघांचा राग आला, तिचा आला, आणि खरं सांगायचं तर राग नव्हताच तो. मला त्या पोरीची फार आठवण येत होती, एवढंच होतं, दोन वर्षं.

“परत वाजवा हो,” मी घरकारांना म्हटलं. “तिसऱ्या कडव्यापासून.”

एक कासाळं खिळ्याला होतं. दुसरं मी दुधावरून उचललं, पदरानं पुसलं. वाफ लागून ते कोमट झालं होतं. दूध उघडंच राहिलं. मांजर जनेलात येऊन बसलं होतं, अगदी तिच्या जागेवर, आणि माझ्याकडे बघत होतं. पी बाये, मी त्याला म्हटलं, आज पी.

घरकारांनी भाता हलवला. ओळ वर चढू लागली. ध आला, आणि मी ठोका टाकला.